बोटाची ग्वाही

"डोळे मीट. मीट म्हणतो ना! डोळ्याला कुणीही फसवतं. थेंबभर ग्रीस फसवतं, दिव्याची तिरीप फसवते. बोट फिरव, आणि बोट काय म्हणतंय ते ऐक."

उस्तादांना जाऊन जमाना लोटला होता, तरी इंजिनाच्या हेडवर वाकलं की मिस्त्रींच्या कानात तो आवाज अजून तसाच उठायचा. वरून खरखरीत, आतून ऊबदार, जुन्या कांबळ्यासारखा. उस्तादांनी आधी त्यांच्या हाताला काम दिलं, मग आपल्या लेकीचा हात दिला, आणि दोन्ही देताना एकच शब्द बोलले होते, "जपून."

त्या गॅरेजची रीत उस्तादांनीच घालून दिलेली. हेडमध्ये व्हॉल्व्ह बसवले की प्रत्येक स्प्रिंगच्या टोपीवरून मिस्त्री डोळे मिटून बोट फिरवत. स्प्रिंगची टोपी व्हॉल्व्हच्या दांडीला धरून ठेवतं ते लॉक. लॉक म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या दोन फाका. दांडीवरच्या खाचेत त्या नीट बसल्या की वरून एकसारख्या लागतात. एखादी केसभर उचललेली असली तर डोळ्याला दिसत नाही, कारण बसवताना लावलेलं ग्रीस तिच्यावर सायीसारखं धरून असतं. बोटाला मात्र ती टोचते. बोट फिरून झालं की मिस्त्री म्हणत, "बसलं." त्यानंतर त्या व्हॉल्व्हकडे पुन्हा कुणी पाहायचं नाही. पाहिलं तर तो बोटाचा अपमान. उस्तादांपासून आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

पण गेले कित्येक महिने मिस्त्रींच्या बोटांना काही कळत नव्हतं.

आधी शेंड्यांना मुंग्या आल्या. मग कापूस गुंडाळल्यासारखं वाटू लागलं. मग कापूसही वाटेनासा झाला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखरेनं नसा वाळताहेत म्हणाले, आणि म्हणाले, "डोळे मिटा. टोचलं की कुठलं बोट ते सांगा." मिस्त्रींनी डोळे मिटले. उभा जन्म त्यांनी डोळे मिटून बोटांना विचारलं होतं आणि बोटांनी कधी तोंड फिरवलं नव्हतं. आता सगळी गप्प. मिस्त्रींनी अंदाजानं ठोकून दिलं, "मधलं." मग डोळे उघडून पाहिलं. अंगठ्यावर रक्ताचा टपोरा थेंब उभा होता.

घरी येऊन बायकोला त्यांनी सांगितलं, "गोड कमी करा म्हणाले." आणि चपला काढून आत गेले.

का नाही सांगितलं? त्याचं मूळ थोरल्यात होतं.

थोरला मुलगा शर्यतीत गाडी चालवायचा. गावाबाहेर चढाचा, वळणावळणाचा एक रस्ता होता. शर्यत असली की तो बंद करत आणि एकेक गाडी घड्याळाशी भांडत वर सोडत. सुटण्याआधी थोरला खिडकीतून मान बाहेर काढून विचारी, "बाबा, बसलं?" मिस्त्री टपावर थाप मारून म्हणत, "बसलं." मग तो जाई. शेवटच्या दिवशीही त्यानं विचारलं होतं. शेवटच्या दिवशीही त्यांनी थाप मारली होती.

वळणावर खडी सांडली होती, असं सगळे म्हणाले. गाडी कठडा तोडून खाली गेली आणि एका झाडाला नाक लावून थांबली. मिस्त्री झाडोऱ्यातून घसरत, खरचटत खाली पोचले, तेव्हा आधी कानावर आलं ते इंजिन. ते चालू होतं. पुढचा सगळा भाग चेमटलेला, काचेचा चुरा झालेला, आणि मागच्या बाजूला बसवलेलं ते इंजिन कुठेही न अडखळता, त्यांनी बांधलं होतं तस्सं, एका लयीत गुणगुणत होतं. थोरल्याची मान अशी पडली होती की बापाला पुन्हा पाहायची गरज उरली नाही. त्यांनी आत हात घातला आणि किल्ली फिरवली. त्या दिवशी त्यांनी पोरासाठी केलं ते एवढंच.

तेराव्यालाही घरात कुणी मोठ्यानं रडलं नाही. बायको मात्र एकदा, एकदाच, भिंतीकडे बघत म्हणाली, "तुमचं इंजिन चालू होतं, नाही का." सांत्वन होतं की टोमणा, मिस्त्रींना आजवर कळलं नव्हतं. पण बुडत्यानं ओंडका धरावा तसं ते वाक्य त्यांनी धरून ठेवलं. इंजिन चालू होतं. पोर गेलं, पण माझ्या हातानं नाही गेलं.

इंजिन चालू होतं हे खरं. पण स्टिअरिंगच्या सांध्यांतली ढीलही त्या गॅरेजमध्ये बोटानंच पाहत. ती त्या सकाळी त्यांनीच पाहिली होती, "बसलं" म्हटलं होतं. नंतर पुढच्या भागाचा चेंदामेंदा झाला, सगळं भंगारात गेलं, आणि त्याच्याबरोबर त्याचं खरंखोटंही गेलं. बोटं मेली तर ती आपण मेलो म्हणून सांगत नाहीत. हळूहळू गप्प होतात. आपल्याला मुंग्या आल्या त्या थोरला गेल्यावर, असं मिस्त्रींना पक्कं वाटायचं. कधी कधी तितकं पक्कं वाटायचं नाही. एकदा बोटांचं बोललं की पुढचा प्रश्न येणारच: कधीपासून? म्हणून पहिलंच बोलायचं नाही.

धाकटीनं भावाची गाडी वर काढून आणली, पुढचा भाग नवा घातला आणि आईनं अबोला धरला तरी चालवायला लागली. तिची आणि मिस्त्रींची जोडी जमली होती ती गॅरेजात. हेडवर ती दिवा धरी, ते काम करत, आणि दोघांमध्ये थोरला न बोलता उभा असे.

"बाबा, वर गेली की हिचा दम तुटतो," एक दिवस ती म्हणाली. "शेवटच्या सरळ चढाला आवाजच फाटतो."

"मग पाय थोडा उचलावा माणसानं."

"पाय उचलायचा तर घरीच बसेन की. आईला तेवढंच हवंय."

मिस्त्री हसले. पण दुखणं काय ते त्यांना आवाजावरून आधीच कळलं होतं. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाचं दार. कॅमशाफ्ट फिरताना ते ढकलून उघडते, वारा आत येतो, आणि स्प्रिंग ते ओढून मिटते. पोरं लहान असताना बायको गॅरेजच्या उंबऱ्यात बसून त्यांना मांडीवर झुलवायची, आणि आत हळू चालणाऱ्या इंजिनाच्या ठेक्यावर गुणगुणायची:

उघड रे दारा, येऊ दे वारा,
मीट रे दारा, राख उबारा.

उस्तादांची लेक ती. तिला कुणी इंजिन शिकवायला नको होतं. मिस्त्री म्हणत, सगळं शास्त्र या दोन ओळींत आलं. उघडणं जोराचं काम, मिटणं इमानाचं. पण इंजिन फार वेगानं फिरवलं की थकलेल्या स्प्रिंगला दार वेळेवर मिटवत नाही. ते अधांतरी लोंबतं, आणि खालून पिस्टन येऊन त्याच्यावर आदळू पाहतो.

"स्प्रिंगा थकल्यात," मिस्त्री म्हणाले.

"मला ठाऊक होतं तुम्ही हेच म्हणणार. म्हणून आधीच मागवल्यात." तिनं खोकी टेबलावर मांडली. एकीत एक घातलेल्या दुहेरी स्प्रिंगा, टायटॅनियमच्या हलक्या टोप्या, नवी लॉकं, आणि जास्त उंच उचलणारी नवी कॅमशाफ्ट. "बघा तर! दागिन्यासारख्या आहेत."

"तुझ्या लग्नात घालू."

"लग्नात नको, रविवारी घालू. रविवारी चढ आहे."

मिस्त्रींनी एक स्प्रिंग हातात घेतली. हात खाली गेला म्हणून जड आहे ते कळलं. गार होती की नाही, ते कळलं नाही.

कडक स्प्रिंग म्हणजे कडक ओढ. जितकी ओढ, तितकं लॉकवर ओझं. एक फाक तिरकी बसली तर भर वेगात ती निसटणार, व्हॉल्व्ह तुटून सिलिंडरमध्ये पडणार, इंजिन जागच्या जागी आवळणार आणि मागची चाकं जाम होणार. चढावर. वळणावर. पुढचं मिस्त्रींना कुणी सांगायला नको होतं. जुन्या स्प्रिंगा ढिल्या होत्या, त्यांनी एखादी चूक पोटात घातली असती. या घालणार नव्हत्या.

नव्या स्प्रिंगा बुडाला रुंद, म्हणून त्यांच्याखालच्या बैठकीच्या वाट्या नव्या करायच्या होत्या. त्या शेजारच्या खराद्यानं केल्या. खरादी म्हणजे पोटानं मोठा, तोंडानं त्याहून मोठा. शेवटची वाटी लेथवरून उतरली तशी चिमट्यात धरून तो घेऊन आला.

"घ्या मिस्त्री, स्प्रिंगांच्या गाद्या. उशा पण करू का?"

"तुझ्या पोटाला एक कर आधी. लेथला टेकतंय ते."

"टेकतं म्हणून तर काम थरथरत नाही माझं!" खरादी हसत सुटला आणि त्यानं चिमटा पुढे केला. मिस्त्रींनी वाटी उघड्या हातात घेतली, उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली.

खराद्याचं हसणं मध्येच थांबलं. "अहो... गरम आहे ती. आत्ता उतरवलीय!"

मिस्त्रींनी वाटी टेबलावर टाकली. टाकायला उशीर झाला होता, आणि तो उशीर दोघांनीही पाहिला. बोटांच्या शेंड्यांवर कातडी पांढरी पडली होती.

"मिस्त्रीचा हात आहे, साहेबाचा नाही," मिस्त्री म्हणाले. "चटके जिरवलेत आयुष्यभर."

"काका, आमच्या बाबांना जळायला वेळ नसतो," आतून हेड पुसत धाकटी ओरडली. तिनं काही पाहिलं नव्हतं.

खरादी "होय होय" म्हणाला. पण दारातून जाताना त्यानं एकदा मागे वळून पाहिलं.

जुन्या स्प्रिंगा निघाल्या. शिकंज्यानं स्प्रिंग दाबायची, लॉकच्या फाका चुंबकानं उचलायच्या, शिकंजा सोडायचा. या स्प्रिंगा थोरल्यासाठी बसवलेल्या. त्या बसवल्या तेव्हा बोटाला प्रत्येक फाक लागली होती, हे मिस्त्रींना स्वच्छ आठवत होतं. आठवत होतं की आठवावंसं वाटत होतं? धाकटीनं त्या एकेक करून कापडात गुंडाळल्या. "भंगारात नाही द्यायच्या," ती म्हणाली. ते म्हणाले, "नाही द्यायच्या." आणि दोघं पुन्हा कामाला लागले.

आता नव्या बसवायच्या. मिस्त्रींनी आपला एक मार्ग काढला होता. बोटं गेली तर गेली, कान शाबूत होते. लॉक खाचेत सरकवून शिकंजा सोडला की ते दांडीच्या माथ्यावर प्लास्टिकच्या हातोडीनं एक टिचकी देत. नीट बसलेल्या लॉकचा आवाज भरीव येतो, "टप्." काही उचललेलं असलं तर त्यात बारीकशी "टिच" असते. ती ऐकायची, मग डोळे मिटून रीतीप्रमाणे बोट फिरवायचं, आणि कानानं सांगितलेलं बोटाच्या नावावर खपवायचं. इतके महिने खपलं होतं.

टप्. बोट. "बसलं." टप्. बोट. "बसलं." धाकटी दिवा धरून उभी. तिच्या चेहऱ्यावर तो जुना भाव, लहानपणी मांडीवर असायचा तो: आता दार मिटलं, आता ऊब राहील.

पहिला सिलिंडर झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या एका व्हॉल्व्हवर त्यांनी हातोडी उचलली, मारली, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे खराद्याचा लेथ सुरू झाला. लोखंडावर लोखंड किंचाळलं. टिचकीचा आवाज त्यात बुडून गेला.

मिस्त्री थांबले. लेथ थांबेना. दुसरी टिचकी मारावी, तर आजवर त्यांनी एका व्हॉल्व्हला टिचकी एकदाच दिली होती. दुसऱ्यांदा मारली तर धाकटी विचारणार, का? त्यांनी डोळे मिटले, बोट टोपीवर ठेवलं. अंधारात बोट होतं, टोपी होती, फाका होत्या, आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. उस्तादांचा आवाज तेवढा आला: बोट काय म्हणतंय ते ऐक. ऐकायला काही नव्हतं.

"बसलं?" धाकटीनं विचारलं.

"बसलं," मिस्त्री म्हणाले.

तोंडातून तो शब्द किती सहज गेला, याचंच त्यांना भय वाटलं. लगेच परत घ्यावा असं वाटलंही. पण तिनं दिवा पुढच्या व्हॉल्व्हवर सरकवला होता, आणि त्यांचा हात दिव्यामागे गेला. जन्माची सवय. संध्याकाळ व्हायच्या आत स्प्रिंगांवर टॅपेट बसले, टॅपेटवर कॅमशाफ्ट आली, त्यावर कव्हर आलं. आता खालचं पाहायचं तर सगळं पुन्हा उलगडायला हवं, आणि उलगडायचं तर का ते सांगायला हवं.

इंजिन सुरू झालं तेव्हा काहीच बिघडलेलं नव्हतं. मंद चालीत ते असं गुणगुणलं की धाकटीनं आनंदानं टाळी वाजवली. बायकोच्या दोन ओळी त्या ठेक्यावर अलगद बसत होत्या. उघड रे दारा. मीट रे दारा. मिस्त्रींना माहीत होतं, मंद चालीत सगळीच लॉकं इमानी असतात. खरं काय ते भर वेगातच कळणार, आणि नव्यानं बांधलेल्या इंजिनाला भर वेग पहिल्यांदा मिळणार तो रविवारी, चढावर.

शनिवारी मिस्त्री आरशासमोर शर्ट घालत होते. बायको मागे येऊन उभी राहिली. आरशात दोघांची नजर भेटली.

"अहो, हल्ली बटणं बघून लावता."

"चष्म्याचा नंबर वाढलाय."

"चष्म्याचा नंबर वाढला की माणूस बटणं चाचपून लावतो. बघून नाही." ती पुढे आली, त्यांचा हात हातात घेतला, भाजलेल्या शेंड्यांवरून अंगठा फिरवला. मिस्त्री तिच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. तो फिरतोय हे डोळ्यांना दिसत होतं. "हाताला काय झालंय?"

"म्हातारपण झालंय."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं हात सोडला. उस्तादांची लेक होती. त्यांच्या गॅरेजात "बसलं" हा शब्द ऐकत मोठी झालेली. खोटा "बसलं" कसा ऐकू येतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिला येत असावं. रविवारी सकाळी गाडी टेम्पोवर चढवून दोघं निघाले, तर ही साडी नेसून, पर्स घेऊन टेम्पोशी उभी.

"आई, तू?" धाकटीला विश्वास बसेना. थोरला गेल्यापासून आई त्या रस्त्याकडे फिरकली नव्हती.

"का? रस्ता काय तुम्ही बापलेकींनी विकत घेतलाय?" असं म्हणत ती पुढच्या सीटवर चढली आणि दार लावून घेतलं. साऱ्या वाटेत पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती.

चढाच्या पायथ्याशी गाड्या रांगेत उभ्या होत्या. रबराचा आणि पेट्रोलचा वास, कर्ण्यावरून ओरडणारी घोषणा, कठड्याशी दाटीवाटीनं उभे लोक. वळणावरचा कठडा नवा केलेला दिसत होता. त्याचा रंग बाकीच्या कठड्यापेक्षा ताजा होता. मिस्त्रींनी तिकडे पाहायचं टाळलं आणि म्हणून तिकडेच पाहिलं. बायको टेम्पोतून उतरली नाही. काचेमागे तिचा चेहरा वहीत चिकटवलेल्या चित्रासारखा स्थिर होता.

धाकटीचा नंबर जवळ आला. ती आत बसली, हेल्मेट घातलं. तिचे पट्टे आवळायचं काम मिस्त्रींचं. ते खिडकीतून आत वाकले, पट्ट्याची जीभ बक्कलात घातली. "कट्" वाजलं. वाजलं म्हणून लागला म्हणायचं. लागला की नाही, बोटाला कळलं नाही. त्यांनी पट्टा ओढून पाहिला. पुन्हा ओढला. पुन्हा.

"बाबा, बास! मला काय पोत्यात भरताय?"

तिनं किल्ली फिरवली. इंजिन पेटलं, गुणगुणायला लागलं. पुढची गाडी सुटली आणि वळणाआड गेली. निशाणवाल्यानं हातानं धाकटीला पुढे बोलावलं. तिनं गाडी रेषेशी लावली. मिस्त्री खिडकीला हात लावून बरोबर चालत गेले. मागच्या गाडीवाला उतावीळ होऊन इंजिनाला डरकाळ्या फोडायला लावत होता.

धाकटीनं हेल्मेटाची काच वर केली. आत भावाचेच डोळे. तसेच मोठे, तसेच अधीर.

"बाबा, बसलं?"

थाप मारायला मिस्त्रींचा हात टपाकडे उठला. अर्ध्यात थांबला. त्यांना एकदम वाटलं, आपण पुन्हा त्या झाडाखाली उभे आहोत, आणि इंजिन चालू आहे. किती गोड चालू आहे! एवढ्या गोड इंजिनाचा काय उपयोग झाला होता त्या दिवशी? दार उघडत होतं, मिटत होतं, आणि आत ऊब धरायला कुणी उरलं नव्हतं.

निशाणवाल्यानं निशाण उचललं.

मिस्त्रींनी खिडकीतून आत हात घातला, स्टिअरिंगच्या पलीकडे, आणि किल्ली चाचपली. किल्ली लागली नाही. हाताला काहीच लागत नव्हतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून, किल्लीकडे बघत, तिला दोन बोटांच्या मध्ये धरलं आणि फिरवलं. इंजिन थांबलं.

ते थांबलं तसा चढावरचा सगळा आवाज एकदम दूर गेला.

"बाबा!" धाकटी किंचाळली. "काय केलंत? माझा नंबर आहे! निशाण वर आहे, बाबा!"

निशाणवाला शिव्या घालत धावत आला. मागचा गाडीवाला भोंगा वाजवायला लागला. कठड्याशी कुणीतरी हसलं. धाकटीनं किल्लीकडे हात नेला, पण तिथे मिस्त्रींची मूठ होती. ती सोडवू बघत होती आणि मूठ सुटत नव्हती. बहुधा मिस्त्रींना ती मिटली आहे हेच कळत नव्हतं.

"सोडा ना! मला जायचंय, बाबा! काय झालंय तुम्हाला?"

मागे टेम्पोचं दार उघडल्याचा आवाज आला, मग डांबरावर चपलांचा. मिस्त्रींनी वळून पाहिलं नाही. चपला त्यांच्या पाठीशी येऊन थांबल्या, तेव्हा त्यांनी किल्ली काढून घेतली, हात बाहेर आणला आणि उताणा करून खिडकीच्या काठावर ठेवला. भाजलेले शेंडे, अंगठ्यावर टाचणीचा जुना काळा ठिपका. जणू दुसऱ्याच कुणाचा हात ते दोघींना दाखवत होते.

"याला काही कळत नाही गं," मिस्त्री म्हणाले. आवाज इतका बारीक होता की धाकटीला हेल्मेट काढावं लागलं. "तिसऱ्याचं लॉक बसलं की नाही, मला माहीत नाही. मी बसलं म्हणालो, पण मला माहीत नाही. मेलीत ही बोटं." मग ते मागे वळले. ज्या प्रश्नाच्या भयानं त्यांनी इतके दिवस तोंड शिवून घेतलं होतं, तो बायकोच्या ओठांवर यायच्या आत त्यांनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं. "कधीपासून, विचारू नकोस. थोरल्याच्या दिवशी ती जिवंत होती की नाही, हेसुद्धा मला सांगता यायचं नाही."